निवळून दिलेलं पाणी

सकाळी साडेसहाच्या सुमाराला त्या प्लांटवर येणाऱ्या सांडपाण्याला साबणाचा वास असायचा. घाण वास तर असायचाच, पण त्याच्यावर एक पातळसा, गोडसर साबणाचा वास तरंगत यायचा. चाकणच्या कडेला कामगारांच्या ज्या वसाहती आहेत, तिथल्या माणसांनी पहिल्या शिफ्टला जाण्याआधी घाईघाईने उरकलेल्या आंघोळी तासाभराने आमच्यापर्यंत पोहोचायच्या. मी कठड्याला टेकून उभी राहायचे आणि वाटायचं, ही सगळी माणसं आत्ता कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत असतील आणि त्यांच्या आंघोळी इथे माझ्या पायाखालून चालल्यात. त्यांना याचा पत्ताही नाही.

असलं काहीतरी मी घरी बोलून दाखवलं की बाबा म्हणतात, तू इंजिनिअर चुकून झालीस. त्यांचंही खरं असेल. पण मला हे काम आवडतं.

काम सांगायला सोपं आहे. सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटसारखाच एक प्लांट संगणकात गणिताने उभा करायचा. तेवढ्याच टाक्या, तेवढीच हवा, घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे तेच जंतू. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. मग खऱ्या प्लांटमध्ये काय येतं आणि काय जातं हे दिवसच्या दिवस मोजायचं, आणि गणितातला प्लांट खऱ्यासारखा वागेपर्यंत त्याचे कान पिळायचे. एकदा तो ताळ्यावर आला की त्याला काहीही विचारता येतं. पाणी वाढलं तर काय होईल, हवा कमी पडली तर काय होईल. तो खोटं बोलत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. त्याला आपण काय भरवतो यावर सगळं असतं, हे मी जरा हळू आवाजात सांगत असे.

या प्लांटवर मला बोलावलं होतं ते एका भांडणाच्या निकालासाठी. काही महिन्यांपासून बाहेर पडणारं पाणी बिघडलं होतं. दिसायला निवळशंख, पण तपासलं की अमोनिया जास्त. खालच्या ओढ्यावर फेस यायला लागला, गावकऱ्यांनी तक्रार केली. वसाहतीच्या मंडळींनी एक समिती नेमली. प्लांट चालवायला घेतलेल्या ठेकेदाराचे साहेब म्हणाले, यंत्रं सगळी ठीक आहेत, ऑपरेटर ब्लोअर बंद ठेवतो. ब्लोअर म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र. हवा बंद झाली की जंतू गुदमरतात आणि अमोनिया तसाच बाहेर जातो. ऑपरेटर म्हणत होते, ब्लोअर एक मिनिटही बंद नव्हता, येणारं पाणीच आता जड झालंय, त्यात घाण वाढलीय, हवा पुरत नाही. टाकीतला ऑक्सिजन मोजायचा मीटर कधीचा बंद पडला होता आणि विजेचा मीटर सगळ्या प्लांटला मिळून एकच. मग कुणाचं खरं? ठरलं की मॉडेल सांगेल. ऑपरेटरची चूक निघाली तर त्यांना काढायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं.

"मॅडम, डेटा बोलेल ना," साहेब मला म्हणाले होते. "आपण कशाला कुणाला बोलायचं?"

ऑपरेटर साठीकडे झुकलेले होते. लातूरकडचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायला लागले. प्लांटच्या मागच्या बाजूला एका खोलीत ते आणि त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या मावशी, सोळा वर्षं राहत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळा प्लांट हिंडून दाखवला, प्रत्येक टाकीपाशी थांबत, एखाद्याने आपल्या गोठ्यातली जनावरं दाखवावीत तसा. ब्लोअरच्या खोलीपाशी त्यांनी दारावर तळवा टेकवला.

"ह्यो थांबला की मला झोपंत जाग येती, मॅडम. सोळा वर्षं झाली. म्या बंद कामून ठेवीन?"

मी म्हणाले, "मोजून बघू, काका."

"मोजा. मला कामावरून काढलं तर काढू द्या, गावाकडं घर हाय. पण ब्लोअर बंद ठेवला म्हनून काढलं, तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी पहिला नमुना काढून दिला. आत येणाऱ्या पाण्याचं सिमेंटचं उघडं चॅनेल आहे, त्यात दोराने बादली सोडली, वर ओढली आणि लगोलग बाटली भरून माझ्यापुढे धरली. बाटली बाहेरूनही राखाडी चिकट होती. टोमॅटोचं साल लागलं होतं आणि एक लांब केस लोंबत होता. मला पुढे एका बैठकीला जायचं होतं, कुर्ता पांढरा होता. माझ्या तोंडून 'ई' निघालं. मी ती बाटली दोन बोटांत धरून पेटीत ठेवली आणि हात तीनदा धुतले. सांडपाण्यात दहा वर्षं काढलेल्या बाईला हे शोभत नाही, पण झालं खरं. मी ते संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले.

त्यानंतर दोन आठवडे नमुने गोळा करायचे होते, दर दोन तासांनी एक. आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी. मी पुनावळ्याहून पहाटे स्कूटर काढायचे. तळवड्याच्या चौकात ट्रकांची गर्दी व्हायच्या आत तो टप्पा पार करायचा, इंद्रायणीच्या पुलावर धुक्यात शिरायचं आणि उजाडता उजाडता प्लांटवर. पण दिवसभर मी तिथे थांबू शकत नव्हते, इतर कामं होती. बाटल्या भरायचं काम काकांनी अंगावर घेतलं. मी सकाळी पोहोचले की पेटीत बर्फावर बाटल्या ओळीने उभ्या असत, पुसून लख्ख, प्रत्येकीवर चिठ्ठी सरळ चिकटवलेली, वेळ सुवाच्य अक्षरात. एवढं नेटकं काम मी कुठल्या प्लांटवर पाहिलं नव्हतं.

"काका, शहरातल्या लॅबमध्येसुद्धा असं काम होत नाही," मी एकदा म्हणाले.

ते एवढे खूश झाले की त्यांनी मावशींना हाक मारून चहा आणायला लावला. त्या दिवसापासून तो चहा रोजचाच झाला, स्टीलच्या पेल्यात, आल्याचा, भरपूर गोड.

ते दोन आठवडे आठवले की अजूनही डोळे मिटावेसे वाटतात. टाकीच्या कठड्यावर बसायचं. खालून बुडबुड्यांचे गठ्ठे वर येत आणि तपकिरी पाणी सारखं उकळल्यासारखं हलत राही, तरी हात लावला तर गार. ब्लोअरची घरघर थोड्या वेळाने ऐकूच येईनाशी होई आणि अंगात भरून राही. पुढची गोल टाकी मात्र अगदी शांत. तिच्यावरचा लोखंडी पूल तासाला एक फेरी घालायचा, इतक्या हळू की बघत बसलं तर हललेला कळत नसे आणि नजर काढून पुन्हा पाहिलं तर पुढे गेलेला असे. त्याच्या कठड्यावर एक बगळा कायम बसलेला. तोही त्या फेरीत गोल गोल जायचा आणि त्याला वाटत असेल आपण स्थिर आहोत. मला तिथे बसल्या बसल्या डुलकी लागायची. डुलकीत सगळी वसाहत पाण्यातून माझ्याकडे येताना दिसायची. नळ सुटलेत, कुकरची भांडी घासली जातायत, कुणी बाळाचे कपडे पिळतंय, आणि सगळं मिळून एकच पाणी.

आत किती पाणी येतंय हे मोजायला चॅनेलवर एक यंत्र होतं, ते चालू होतं. त्याची दिवसाची रेषा मी काढली. पाचला ती जागी व्हायची, साडेसहाला ताठ उभी राहायची. मग कामावर गेल्यासारखी खाली बसायची. दुपारी चारनंतर, पहिली शिफ्ट घरी आली की पुन्हा वर. रोज हेच. फक्त गुरुवारी ती आठपर्यंत उठायचीच नाही आणि मग उठायची ती डोंगरासारखी, दुपारपर्यंत उतरायचं नाव नाही.

बाहेरच्या माणसाला हे यंत्राचं बिघडणं वाटलं असतं. मला बघताक्षणी कळलं, कारण मी गुरुवारच्या सुट्टीवर वाढलेली मुलगी आहे. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होते, तयार झालेला प्रत्येक भाग गेजने मोजून पास करायचा हे त्यांचं काम. आमची शाळा रविवारी बंद आणि बाबा गुरुवारी घरी, त्यामुळे आख्खा दिवस आम्ही कधीच एकत्र नसायचो. गुरुवारी शाळेत जाताना बाबा झोपलेले दिसायचे, तोंडावर चादर घेऊन. मधल्या सुट्टीत मला वाटायचं, आता उठले असतील, आता आंघोळीला गेले असतील, आईने सगळी धुणी काढली असतील, आणि मी इथे भूगोल शिकतेय. मला त्या गुरुवारच्या रेषेत माझे बाबा दिसले. एवढ्या वर्षांनी ते मला झोपेतून उठताना सापडले, चाकणच्या एका सांडपाण्याच्या प्लांटवर. मी काकांना रेष दाखवली. तेही खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बिचारी मानसं. एक दिस झोपू द्या त्यांना."

लॅबचे आकडे आले आणि मी मॉडेल चालवलं. पाण्याची रेष तंतोतंत जुळली. पण बाहेर पडणारा अमोनिया काही केल्या जुळेना. माझ्या गणितातला प्लांट त्याला जेवढी हवा दिली होती तेवढ्यात पाणी आरामात साफ करत होता. आत येणारं पाणी अगदी हलकं, साधं होतं. अशा पाण्याला एवढी हवा पुरून उरायला हवी. खऱ्या प्लांटमध्ये मात्र अमोनिया भरपूर. मी आठवडाभर कान पिळले, काही उपयोग झाला नाही. मग मी गणितात ब्लोअर रोज काही तास बंद करून पाहिला. लगेच जुळलं. सुरेख जुळलं.

मला फार राग आला. मी रागावले की आरडाओरडा करत नाही, माणसाशी अतिशय सभ्यपणे बोलायला लागते, ते जास्त वाईट असतं. दुसऱ्या दिवशी मी प्लांटवर गेले, काकांना "नमस्कार" म्हणाले, राहिलेल्या मोकळ्या बाटल्या मोजून घेतल्या आणि चहा नको म्हणाले. मावशी पेला हातात धरून उभ्याच राहिल्या. मला वाटत होतं या माणसाने मला फसवलं. दारावर तळवा टेकवून फसवलं. घरी येऊन मी साहेबांना एक तात्पुरतं टिपण पाठवलं. त्यात एक ओळ होती: 'नमुन्यांच्या काळात ब्लोअर सलग चालवले गेले नसावेत असे दिसते.' खाली माझी सही.

तीन दिवसांनी काकांना यंत्रं चालवायच्या पॅनेलवरून काढून फाटकावर बसवलं. बागेला पाणी घालायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहायच्या. समितीची बैठक महिनाअखेरीला होती, तिथे माझा अहवाल वाचला जाणार होता आणि मग खोलीही रिकामी करावी लागणार होती.

अहवालासाठी एक शेवटचा ताळा उरला होता. पाण्यातून जी घाण काढली जाते ती गाळ होऊन वाळत घातली जाते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने बाहेर नेली जाते. आत किती आलं आणि गाळ किती गेला, हे साधारण जुळायला हवं. म्हणून मी फाटकावरची वही बघायला गेले. वही काकांकडेच होती. त्यांनी खुर्ची पुसून मला बसायला दिली आणि स्वतः उभे राहिले. ट्रॉल्या अगदी वेळेसकट लिहिलेल्या होत्या, त्याच सुवाच्य अक्षरात. आधीच्या माणसाचीही नोंद होती, ती तेवढीच निघत होती. मी तिथेच बसून हिशोब केला, पुन्हा केला. माझ्या बाटल्यांप्रमाणे जेवढी घाण आत येत होती, त्याच्या जवळजवळ दुप्पट गाळ फाटकातून बाहेर जात होता.

जे आत आलंच नाही ते बाहेर कसं जाईल?

रविवारी बाबा पुनावळ्याला आले होते. गॅलरीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं, फाटकावरच्या वहीसकट. टिपणातल्या ओळीचं मात्र नाही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि नोकरीत तीस वर्षं जे विचारलं असेल तेच विचारलं.

"बाटली भरतं कोण?"

"काका."

"भरताना तू बघितलंस?"

"पहिल्या दिवशी."

"एकदाच?" बाबा म्हणाले आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

गुरुवारी मी सकाळी गेले. रस्ते मोकळे होते. काका जास्वंदीला पाणी घालत होते. मी म्हणाले, "काका, तुम्ही बाटली कशी भरायचात ते मला दाखवाल का? अगदी रोजच्यासारखी."

"मला आत जायची मनाई हाय, मॅडम."

"मी सांगते साहेबांना. चला."

त्यांनी हात धुतले, दोर आणि बादली घेतली. चॅनेलपाशी आले. बादली सोडून, झोका देऊन भरून घेतली आणि वर ओढली. इथवर सगळं बरोबर होतं. मग त्यांनी ती कडेला सावलीत ठेवली, वरचा फेस आणि कचरा काडीने बाजूला केला आणि कठड्यावर बसले.

"आता दहा-पंधरा मिन्टं दम धरा."

"कशाला?"

"निवळू द्या की."

आम्ही बसलो. सुट्टीच्या दिवसाची सकाळ, वसाहत अजून उठलेली नाही, चॅनेलमध्ये पाणी तळाशी गेलेलं. काका त्यांच्या गावच्या विहिरीबद्दल काहीतरी सांगत होते, तिचं पाणी किती गोड आहे ते. मी बादलीकडे बघत होते. वरचं पाणी हळूहळू फिकट होत गेलं आणि तळाशी काळाकरडा थर धरत गेला. मला ओरडावंसं वाटलं, पण रोजचं सगळं शेवटपर्यंत बघायचं होतं. मग काकांनी खांद्यावरची दस्ती, तो त्यांचा मोठा रुमाल, दुहेरी करून बाटलीच्या तोंडावर धरला आणि वरचं पाणी अलगद, हात न हलू देता, त्यातून ओतलं. बाटली पुसली. चिठ्ठी सरळ केली. आणि बादलीत राहिलेला सगळा गाळ परत चॅनेलमध्ये फेकून दिला.

त्यांची बाजू सांगणारं जे काही होतं, ते त्या गाळात होतं. ते त्यांनी रोज बारा वेळा स्वतःच्या हाताने फेकून दिलं होतं.

"काका, रोज असंच करायचात?"

"मंग? पहिल्या दिशी तसंच दिलं, तर तुमाला किळस आली. म्हनलं, लेकीच्या वयाची पोर, एवढी शिकलेली, तिच्या हातात असली घाण कशी द्यावी? आपन पाव्हन्याला पानी देताना गाळून देताव का न्हाई?" मग माझा चेहरा बघून त्यांनी हळूच विचारलं, "कामून? चुकलं का?"

मी खाली बसले. पांढरा कुर्ता नव्हता त्या दिवशी, असता तरी बसले असते. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एक अक्षर होतं ते, 'ई'. त्यापायी या माणसाने दोन आठवडे, दर दोन तासांनी, रात्रीच्या झोपा मोडून, माझ्यासाठी पाणी निवळलं होतं. वर मी त्याची तारीफ केली होती. मग काहीच न बघता मी ठरवलं होतं की तो खोटं बोलतोय.

मी त्यांना समजावून सांगितलं. वरचं पाणी हलकं असतं, खरी घाण तळाशी असते, आणि हलकं पाणी दाखवलं की गणित म्हणतं एवढ्याला हवा पुरायलाच हवी, न पुरली म्हणजे कुणीतरी बंद केली. काका ऐकत होते. त्यांनी एकदा रिकाम्या बादलीत बघितलं.

"म्हंजी म्याच माझ्या इरुद्ध पानी भरलं."

"तुम्ही नाही, काका. मी."

पुढचे दोन आठवडे मी प्लांटवरच काढले. साहेबांना सांगितलं की नमुने पुन्हा घ्यायचेत. ते म्हणाले, "कशाला, आकडे तर जुळलेत ना?" मी अतिशय सभ्यपणे म्हणाले की नाही, जुळलेले नाहीत. बादली मी सोडली, मी ओढली, ढवळून, गाळासकट बाटल्या भरल्या. केस, सालं, सगळं अंगावर घेतलं. हाताला वास बसला तो साबणाने जाईना, आणि मला तो घालवायचाही नव्हता. रात्रीच्या वेळी काकांच्या जागी आलेला ऑपरेटर माझ्यासमोर एकदा तसंच करून दाखवून मगच बाटल्या भरायचा. आणि आकडे आले तेव्हा मॉडेलला एकदाही धक्का द्यावा लागला नाही. गणितात ब्लोअर चोवीस तास चालू ठेवला आणि तरी बाहेर तेवढाच अमोनिया निघाला जेवढा खरोखर निघत होता. गाळही फाटकावरच्या वहीइतकाच. काका पहिल्यापासून म्हणत होते तेच: पाणी जड झालंय, हवा पुरत नाही.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "मग पहिले नमुने खोटे होते का? ते कुणी घेतले होते?" त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीक आशा होती.

मी म्हणाले, "पहिले नमुने माझ्या चुकीने बिघडले. नमुना कसा घ्यायचा हे मी सांगितलं नव्हतं आणि बघितलंही नव्हतं. माझं टिपण मी मागे घेते." अशी वाक्यं बोलायची मला सवय नाही. पण अहवाल मान्य झाला, आणखी एक ब्लोअर बसवायचं ठरलं, आणि सोमवारी काका पॅनेलवर परत आले.

शेवटच्या दिवशी मी सामान आवरायला गेले. आता त्यांना सांगायलाच हवं होतं. ब्लोअरच्या खोलीबाहेर ते उभे होते. मी म्हणाले, "काका, तुम्हाला पॅनेलवरून काढलं ना, ते मी लिहिलेल्या एका ओळीमुळे."

"म्हाइत हाय."

"कसं?"

"साहेबानी त्याच दिशी वाचून दावलं की. खाली तुमची सही व्हती."

मी मनात दिवस मोजले. म्हणजे त्या गुरुवारी, जास्वंदीला पाणी घालताना, त्यांना माहीत होतं. विहिरीच्या गोड पाण्याबद्दल सांगताना माहीत होतं. दस्ती दुहेरी करून, हात न हलू देता माझ्यासाठी पाणी ओतताना, बाटली पुसताना, चिठ्ठी सरळ करताना, सगळा वेळ माहीत होतं.

"मग त्या दिवशीही मला निवळून का दिलंत?"

त्यांना प्रश्न नीट कळला नाही असं वाटलं. "तुमीच म्हनलात ना, रोजच्यासारकं दावा म्हनून."

मला रडू आलं. त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं आणि चॅनेलकडे निघाले, मीही मागोमाग गेले. नवा ब्लोअर केवढा हवा ते ठरवायला एक शेवटची बाटली लॅबला न्यायची होती. त्यांनी बादली सोडली, वर ओढली, काडीने ढवळली आणि बाटली भरली. हात सवयीने खांद्यावरच्या दस्तीकडे गेला, तिथेच थांबला. मग त्यांनी बाटली तशीच माझ्यापुढे धरली, निथळती, काळी, बाहेरून सगळी माखलेली.

"घे माय," ते म्हणाले.

मी ती दोन्ही हातांनी घेतली.